बुलेट क्लस्टर: एका टकरीचा तपास

दीर्घिकासमूहांची टक्कर कुणालाच घडताना पाहता येत नाही. ती सुरू होऊन सगळे शांत व्हायला शेकडो कोटी वर्षे जातात आणि आपल्या हाती त्यातली एकच चौकट लागते. कोण कुठून आले, किती वेगाने आले, एकमेकांतून केव्हा आरपार गेले आणि जाताना काय मागे राहिले, हे सारे त्या एका चौकटीवरून ठरवायचे असते. हा तपास कसा चालतो ते समजून घ्यायला १ई ०६५७-५६ या समूहाइतके चांगले प्रकरण दुसरे नाही. जगभर तो ‘बुलेट क्लस्टर’ या नावाने ओळखला जातो. अगस्तीचा तारा ज्या कॅरिना तारकासमूहात आहे, त्याच दिशेला पण कितीतरी खोल तो आहे. त्याची ताम्रसृती, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश तांबड्याकडे सरकण्याचे माप, ०.२९६ भरते. म्हणजे आज आपल्याकडे पोहोचणारा त्याचा प्रकाश सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे.

या समूहाचे गुलाबी-निळ्या रंगांतले चित्र बहुतेकांनी पाहिलेले असते आणि ‘डार्क मॅटरचा पुरावा’ असे शीर्षकही वाचलेले असते. चित्र देखणे आहे, यात शंका नाही. पण चित्रातला निळा रंग कुठल्याही कॅमेऱ्याने टिपलेला नाही, तो गणिताने काढलेला वस्तुमानाचा नकाशा आहे. गुलाबी रंग क्ष-किरणांचा आहे, तोही डोळ्यांना दिसणारा नाही. या रंगांमागे काय मोजले, कसे मोजले आणि त्यातून नेमके किती सिद्ध झाले, हे पाहिले की हे प्रकरण चित्रापेक्षा कितीतरी सुंदर वाटू लागते.

आदळते काय?

‘दीर्घिकासमूह’ म्हटले की शेकडो दीर्घिका डोळ्यांसमोर येतात. वस्तुमानाच्या हिशेबात मात्र त्या सर्वांत किरकोळ आहेत. मोठ्या समूहाचे एकूण वस्तुमान सूर्याच्या १०^१५ पट, म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतके असू शकते. त्यात दीर्घिकांमधल्या ताऱ्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. दीर्घिकांच्या मधल्या जागेत पसरलेला तप्त वायू ५ ते १५ टक्के भरतो. उरलेला प्रचंड हिस्सा कशाचा आहे ते कुठल्याच तरंगलांबीत दिसत नाही. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले. दिसणाऱ्या वस्तुमानाच्या जोरावर इतक्या वेगवान दीर्घिका एकत्र बांधल्या जाऊच शकत नाहीत, हे त्यांनी मांडले. तेव्हापासून या अदृश्य हिश्शाचा, म्हणजे कृष्णद्रव्याचा (डार्क मॅटरचा), प्रश्न खगोलशास्त्राच्या मागे लागला आहे.

तप्त वायू विरळ किती, तर एका लिटर जागेत एखाद-दुसरा कण, गाभ्याकडे फार तर दहा-वीस. तापमान मात्र कोट्यवधी केल्विन. इतक्या तापमानाला अणू फुटलेले असतात, इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. ते अणुकेंद्रांजवळून जाताना वळतात आणि क्ष-किरण फेकतात. म्हणून क्ष-किरण दुर्बिणीला दीर्घिकासमूह म्हणजे वायूचा चमकता ढग दिसतो.

असे दोन समूह आदळले की त्यांचे तीन घटक तीन प्रकारे वागायला हवेत. दीर्घिका एकमेकींपासून इतक्या दूर असतात की बहुतेक जणी धक्का न लागता पार निघून जातात. वायूला ते जमत नाही. त्यातले विद्युतभारित कण आणि चुंबकीय क्षेत्र यांमुळे एका समूहाचा वायू दुसऱ्याच्या वायूत शिरताना दाब आणि अडथळा अनुभवतो, तापतो आणि मागे रेंगाळतो. तिसरा घटक काय करेल? तो खरोखर पदार्थ असेल आणि त्याचे कण एकमेकांना जवळपास ओळखतच नसतील, तर तो दीर्घिकांबरोबर पुढे जाईल. तो मुळात नसेलच आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम तेवढा आपण चुकीचा लिहिला असेल, तर गुरुत्वाचा जोर वायूपाशी दिसायला हवा, कारण दिसणाऱ्या पदार्थात वायूच सर्वांत जास्त आहे.

शांत समूहात हे तिन्ही एकाच केंद्राभोवती बसलेले असतात, त्यामुळे कुणाचा जोर कुठला हे वेगळे काढता येत नाही. टक्कर त्यांना काही काळापुरते वेगळे करते. त्या थोड्या काळात आपण पाहत असलो तर.

समूह हाती कसा लागला

नावातले ‘१ई’ हे आइनस्टाइन नावाच्या क्ष-किरण वेधशाळेचे चिन्ह. १९७८ मध्ये अवकाशात गेलेल्या या वेधशाळेच्या नोंदींत हा स्रोत होता. पुढे वॅलेस टकर, हार्वे टॅननबॉम आणि रोनाल्ड रेमिलार्ड यांनी त्या नोंदी पुन्हा चाळल्या. वायू आहे पण दीर्घिका तयारच झालेल्या नाहीत, असे ‘फसलेले समूह’ त्यांना हवे होते. हा स्रोत त्यांच्या यादीत आला आणि नंतर दीर्घिकांनी भरलेला समूह निघाला. १९९८ मध्ये अस्का या जपानी उपग्रहाच्या मोजमापावरून त्याचे तापमान इतके चढे आले की ज्ञात समूहांत सर्वांत तप्त ठरण्याच्या शर्यतीत तो जाऊन बसला. पुढे चंद्रा या क्ष-किरण वेधशाळेने ते सुमारे १६ कोटी केल्विनच्या आसपास आणले. तरीही ते विलक्षणच. अमुक वस्तुमानाच्या समूहाचा वायू साधारण किती तापलेला असावा याचा अंदाज असतो. त्याच्या बराच वर आकडा गेला की काहीतरी नुकतेच घडले आहे असा संशय घ्यावा लागतो.

दोन कडा

जुलै १९९९ मध्ये चंद्रा वेधशाळा अवकाशात गेली. तिची नजर एका कोनीय सेकंदाहून (अंशाच्या ३६०० व्या भागाहून) बारीक होती, आणि या समूहाच्या बाबतीत सगळा फरक तिथेच पडला. मॅक्सिम मार्केविच आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जी प्रतिमा प्रसिद्ध केली तिच्यात मोठ्या समूहाच्या पश्चिमेला वायूचा एक लहान, तेजस्वी, टोकदार गोळा दिसत होता. बंदुकीच्या गोळीसारखा. त्याच्या पुढे थोड्या अंतरावर आणखी एक फिकट, वक्र कड होती. वेगाने जाणाऱ्या नावेपुढे पाण्याची कमान उठते तशी.

या दोन कडा जवळून पाहण्यासारख्या आहेत. नुसत्या प्रतिमेत दोन्ही सारख्याच दिसतात: आतल्या बाजूला तेज जास्त, बाहेर कमी. वायूचे क्ष-किरणांतले तेज घनतेच्या वर्गावर अवलंबून असते. घनता दुप्पट तर तेज चौपट. त्यामुळे दोन्ही ठिकाणी आतला वायू दाट, बाहेरचा विरळ, एवढे सांगता येते. त्यापलीकडचे सांगायला तापमान लागते.

पहिली कड, म्हणजे गोळीची कड ओलांडून बाहेर आले की घनता घटते, पण तापमान वाढते. गोळीच्या आतला वायू ७-८ कोटी केल्विनचा, म्हणजे भोवतालच्या मानाने थंड. एक घटले, दुसरे वाढले, म्हणून त्यांचा गुणाकार, म्हणजे दाब, दोन्हीकडे साधारण सारखाच राहतो. ही दोन वेगळ्या वायूंची सीमा आहे. छोट्या समूहाच्या गाभ्यातला थंड वायू अजून विस्कटलेला नाही, तो आपले अस्तित्व टिकवून पुढे घुसतो आहे. अशा सीमेला खगोलशास्त्रज्ञ ‘कोल्ड फ्रंट’ म्हणतात.

दुसरी कड ओलांडली की घनता घटते आणि तापमानही घटते. दाब एकदम कोसळतो. हा खरा आघाततरंग. त्याच्या पुढे असलेल्या वायूला काय येते आहे याचा पत्ताही नाही, कारण येणारी वस्तू त्या वायूतल्या ध्वनीच्या वेगाहून जलद आहे.

एकाच प्रतिमेत दोन्ही कडा इतक्या स्वच्छ दिसणे हा योग फार क्वचित येतो. टक्कर आपल्या दृष्टिरेषेला आडवी झालेली असावी लागते, नाहीतर कडा एकमेकींवर पडून पुसट होतात. शिवाय तरंग समूहाच्या विरळ बाह्यभागात निघून गेला की त्याचे तेज हाती लागत नाही. मार्केविच यांच्या गटाने आपल्या निबंधाच्या शीर्षकातच याला पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हटले. ते मला अजिबात अतिशयोक्त वाटत नाही.

वेग कसा काढला

आघाततरंगाच्या दोन्ही बाजूंच्या घनतेचे गुणोत्तर मिळाले की वेग काढता येतो, तोही प्रवासाचा एक किलोमीटरदेखील न पाहता. तरंगाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या म पट असेल, तर अशा वायूत घनतेची उडी ४म² भागिले (म² + ३) इतकी असते. म कितीही वाढवला तरी ही उडी चार पटीच्या पुढे जात नाही. बुलेट क्लस्टरमध्ये ती सुमारे तीन पट आढळली. सूत्रात म = ३ घालून पाहा: ३६ भागिले १२, बरोबर तीन. म्हणजे माख अंक (ध्वनीच्या वेगाची ही ‘म’ पट) ३, मोजमापातली अनिश्चितता ०.४ इतकी.

आता तरंगापुढच्या, अजून न हललेल्या वायूतला ध्वनीचा वेग हवा. तो तापमानावरून मिळतो. तिथला वायू साधारण ११-१२ कोटी केल्विनचा धरला, तर त्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १६०० किलोमीटर जातो. त्याची तिप्पट केली की तरंगाचा वेग आला: सेकंदाला सुमारे ४७०० किलोमीटर.

तापमानाच्या उडीवरूनही माख अंक काढता येतो, मग घनतेचीच उडी का घेतली? माख ३ असेल तर तरंगामागचा वायू पुढच्यापेक्षा साडेतीन पटींहून अधिक तापायला हवा. चंद्रा वेधशाळेचे आरसे ज्या ऊर्जेपर्यंत नीट काम करतात तिच्या कितीतरी वर हे तापमान जाते, म्हणून त्या मोजमापात चूक मोठी येते. तापमानाचा उपयोग तरंग ओळखायला केला आणि वेग मोजायला घनता वापरली. कुठला आकडा कुठल्या कामाला भरवशाचा, हे ओळखणे या क्षेत्रातले निम्मे कौशल्य आहे.

टक्कर किती आडवी आहे, हेही तपासून पाहता आले. राफाएल बारेना आणि सहकाऱ्यांनी समूहातल्या ७८ दीर्घिकांचे वर्णपट घेतले. दोन उपसमूहांच्या दृष्टिरेषेतल्या वेगांत फरक निघाला सेकंदाला ६०० किलोमीटरच्या आसपास. एकूण वेग ४७०० धरला तर गतीची दिशा आकाशाच्या प्रतलाशी जेमतेम ७-८ अंशांचा कोन करते. छोटा समूह सरळ आपल्या डावीकडून उजवीकडे निघाला आहे म्हणा ना.

दोन्ही उपसमूहांमधले अंतर सुमारे २३ लाख प्रकाशवर्षे. त्याला वेगाने भागले की दोन्ही गाभे एकमेकांतून जाऊन साधारण १५ कोटी वर्षे झाली असा हिशेब येतो. विश्वाच्या वयापुढे हे काहीच नाही. आपण अगदी ऐन वेळी पाहतो आहोत.

न दिसणारे मोजायचे तर

आता तिसऱ्या घटकाकडे. त्याच्यासाठी वापरले जाणारे साधन म्हणजे गुरुत्वीय भिंग. समूहाच्या मागे, कितीतरी दूर असलेल्या दीर्घिकांचा प्रकाश समूहाजवळून येताना वाकतो. वाकवणारे वस्तुमान चमकते की अंधारे, गरम की थंड, याच्याशी प्रकाशाला देणेघेणे नसते. वस्तुमान किती आणि कुठे, एवढेच त्यात उतरते.

गाभ्याजवळ हा परिणाम डोळ्यांना दिसतो: मागच्या दीर्घिका ताणून कमानींसारख्या होतात, एकाच दीर्घिकेच्या दोन-तीन प्रतिमा पडतात. हे तीव्र भिंग. गाभ्यापासून दूर गेले की उरते ते क्षीण भिंग. तिथे प्रत्येक दीर्घिकेचा आकार काही टक्क्यांनीच ताणला जातो. अडचण अशी की दीर्घिका मुळातच लांबट असतात, कुणी इकडे कललेली, कुणी तिकडे. त्यांचा स्वतःचा लांबटपणा साधारण ०.३ आणि आपल्याला शोधायची ओढ ०.०५ च्या आसपासची. एका दीर्घिकेवरून काहीच कळणार नाही. पण १०० दीर्घिकांची सरासरी घेतली तर त्यांचे आपापले कल एकमेकांना खोडतात आणि गोंगाट दहापट घटून ०.०३ वर येतो. भिंगाने दिलेली ओढ मात्र सगळ्यांना एकाच दिशेने मिळालेली असते, ती खोडली जात नाही. ती वर येते.

म्हणूनच जितक्या जास्त अंधुक दीर्घिका मोजता येतील तितका नकाशा बारीक. डग्लस क्लोव आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या पद्धतीने पहिला नकाशा काढला. २००६ पर्यंत त्यांनी चिलीतल्या ला सिया इथली २.२ मीटरची आणि लास कॅम्पानास इथली ६.५ मीटरची मॅगेलान दुर्बीण, शिवाय हबल दुर्बीण, अशा सगळ्यांची निरीक्षणे एकत्र केली. वातावरण आणि दुर्बिणीची स्वतःची यंत्रणाही प्रतिमा ताणतात. तो ताण आपल्याच दीर्घिकेतल्या ताऱ्यांवरून ओळखून वजा करावा लागतो. तारा बिंदूच असायला हवा, तो लांबट दिसला तर दोष उपकरणाचा. हे काम कष्टाचे आणि दिसायला नीरस आहे. निळ्या रंगाची विश्वासार्हता मात्र सगळी त्याच्यावर उभी आहे.

ऑगस्ट २००६

दोन नकाशे एकमेकांवर ठेवले. चंद्रा वेधशाळेने या समूहावर जवळपास १४० तास खर्चून मिळवलेला वायूचा नकाशा आणि भिंगावरून काढलेला वस्तुमानाचा नकाशा. वायू मधोमध रेंगाळलेला होता. वस्तुमानाची दोन शिखरे त्याच्या दोन्ही बाजूंना, दीर्घिकांच्या जागी होती. शिखर आणि वायू यांच्या जागांमधला फरक मोजमापातल्या अनिश्चिततेच्या आठ पट भरला. योगायोग म्हणून तो सोडून देता येत नाही.

या निष्कर्षाचे बळ कुठे आहे? आधीच्या सगळ्या युक्तिवादांत प्रश्न ‘किती’चा होता. दीर्घिकेच्या कडेचे तारे इतके जलद का फिरतात, समूह इतका घट्ट का बांधलेला आहे, हे सांगायला किती वस्तुमान कमी पडते? ‘किती’ या प्रश्नाला नेहमी पळवाट असते: गुरुत्वाचा नियम मोठ्या अंतरावर थोडा बदला, कमतरता भरून निघते. बुलेट क्लस्टरने प्रश्न ‘कुठे’चा केला. गुरुत्वाचा जोर वाढवता येईल, पण दिसणाऱ्या पदार्थाचा बहुतांश भाग मधोमध असताना तो जोर दोन बाजूंना नेऊन ठेवणे फार अवघड आहे. क्लोव आणि सहकाऱ्यांनी आपल्या निबंधाला कृष्णद्रव्याच्या अस्तित्वाचा थेट, अनुभवजन्य पुरावा असे नाव दिले ते याच आधारावर. ‘थेट’ हा शब्द मी जपून वाचतो. कण कुणी पकडलेला नाही. वस्तुमानाचा मोठा भाग दिसणाऱ्या पदार्थापासून वेगळा आहे, एवढे मात्र थेट दिसले.

सुधारित गुरुत्वाच्या बाजूने उत्तर आले. अशा काही सिद्धांतांत भिंगाचे शिखर वस्तुमानाच्या शिखरावरच पडायला हवे असे नाही, हा आक्षेप रास्त होता. पण गॅरी अँगस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सविस्तर हिशेब केला तेव्हा त्यांनाही दीर्घिकांजवळ काही न दिसणारे वस्तुमान घालावेच लागले. त्यांनी सुचवलेला उमेदवार म्हणजे सुमारे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वस्तुमानाचे न्यूट्रिनो, म्हणजे इतर पदार्थाशी जवळपास न गुंतणारे अतिशय हलके कण. नेहमीच्या न्यूट्रिनोंना ही वाट आता बंद झाली आहे. जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाने त्यांच्या वस्तुमानाची मर्यादा २०२२ मध्ये ०.८ आणि २०२५ मध्ये ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत खाली आणली.

वेगाचा वाद

मला स्वतःला या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती २००६ नंतरची एक गोष्ट. सेकंदाला ४७०० किलोमीटर हा वेग अनेकांना खटकला. दोन समूह केवळ एकमेकांच्या ओढीने आले असतील तर इतका वेग येतो कुठून? विश्वाच्या प्रचलित प्रतिमानात असा वेग मिळणे फार दुर्मीळ. मग कृष्णद्रव्याला गुरुत्वाखेरीज आणखी एखादे बल खेचते आहे का, अशीही चर्चा सुरू झाली.

२००७ मध्ये फोल्कर श्प्रिंगेल आणि ग्लेनिस फॅरार यांनी संगणकावर ही टक्कर घडवून पाहिली. त्यांच्या सिम्युलेशनमध्ये आघाततरंगाचा वेग निरीक्षणाशी जुळला, सेकंदाला सुमारे ४५०० किलोमीटर. छोटा समूह स्वतः मात्र २७०० च्या आसपासच धावत होता. फरक आला कुठून? ४७०० हा आकडा तरंगापुढच्या वायूच्या सापेक्ष आहे. तो वायू स्थिर असल्याचे सगळ्यांनी गृहीत धरले होते. तो स्थिर नव्हताच. येणाऱ्या समूहाच्या गुरुत्वाने तो आधीच त्याच्याकडे सेकंदाला हजारेक किलोमीटर वेगाने खेचला जात होता. त्यात तरंग गोळीच्या पुढे पुढे सरकत होता, म्हणजे तिच्याहून जलद होता. दोन्ही वजा केले की उरते ते समूहाचे खरे चालणे.

आकडा खोटा नव्हता, तो दुसऱ्याच गोष्टीचा होता. वेग २७०० धरला तरी गतीचा कोन १३ अंशांच्या आतच राहतो, म्हणून टक्कर आडवी असल्याचा निष्कर्ष टिकतो. १५ कोटी वर्षे हा आकडा मात्र आता अंदाज म्हणूनच धरायचा.

वाद तिथे मिटला नाही. २०१० मध्ये जौन्गहुन ली आणि एइचिरो कोमात्सु यांनी दाखवले की अशी सिम्युलेशन निरीक्षणाशी जुळवायला समूहांना सुरुवातीलाच जो सुमारे ३००० चा वेग द्यावा लागतो, तोही प्रतिमानात जवळजवळ सापडत नाही. पुढे अधिक मोठ्या आकारमानाची सिम्युलेशन झाली, एकमेकांत शिरलेले समूह वेगळे ओळखण्याच्या पद्धती सुधारल्या, आणि रॉबर्ट थॉम्पसन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की अशी जोडी दुर्मीळ आहे, अशक्य नाही. क्रेग लाज आणि फॅरार यांनीही वेगळ्या वाटेने हाच निष्कर्ष काढला. दहा वर्षांच्या या देवाणघेवाणीत निरीक्षण फारसे बदलले नाही, बदलला तो त्याचा अर्थ लावण्याचा हिशेब.

कृष्णद्रव्य स्वतःशी टकरते का?

टक्कर झाल्यावरही कृष्णद्रव्य दीर्घिकांच्या सोबत राहिले, यातून त्याच्या कणांविषयी थोडे कळते. ते एकमेकांवर वारंवार आदळत असते तर वायूसारखे मागे पडले असते. मार्केविच यांच्या गटाने २००४ मध्ये याचा अंदाज बांधला. स्कॉट रँडल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सिम्युलेशनच्या मदतीने तो घट्ट केला: दर ग्रॅम कृष्णद्रव्यामागे टकरीचे क्षेत्रफळ (कण एकमेकांवर आदळण्याच्या शक्यतेचे माप) १.२५ चौरस सेंटिमीटरहून कमी. दोन्ही उपसमूहांत टकरीपूर्वी वस्तुमान आणि प्रकाश यांचे प्रमाण सारखे होते असे मानले, तर ही मर्यादा ०.७ वर येते.

ही मर्यादा ऐकायला कडक वाटते, पण आहे सैलच. प्रोटॉनइतक्या वस्तुमानाच्या कणाला ती लावून पाहिली तर दर ग्रॅमला एक चौरस सेंटिमीटर म्हणजे अणुकेंद्रांच्या आपसातल्या टकरींच्या तोडीचे क्षेत्रफळ होते. म्हणजे ‘कृष्णद्रव्य स्वतःशी अजिबात व्यवहार करत नाही’ असे बुलेट क्लस्टर सांगत नाही. डेव्हिड हार्वे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ३० समूहांतल्या ७२ टकरी एकत्र घेऊन ही मर्यादा ०.४७ पर्यंत खाली आणली. एका प्रकरणावर मोठा निष्कर्ष उभारण्यापेक्षा अनेक प्रकरणांची सरासरी घेणे हाच इथला रस्ता. एमएसीएस जे००२५ या दुसऱ्या टकरीत २००८ मध्ये बुलेटसारखेच विभाजन सापडले. उलट आबेल ५२० मध्ये वस्तुमानाचे एक शिखर वायूपाशीच, दीर्घिका फारशा नसलेल्या जागी असल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. २०१२ मध्ये दोन गटांनी हबलच्या वेगवेगळ्या निरीक्षणांवरून त्याविषयी परस्परविरोधी उत्तरे दिली. बुलेटचे चित्र छापणाऱ्या प्रत्येकाने आबेल ५२० चाही उल्लेख करावा असे मला मनापासून वाटते.

रेडिओतली खूण

आघाततरंग वायू तापवतो, तसेच काही इलेक्ट्रॉनना प्रकाशाच्या वेगाजवळ नेतो. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत ते रेडिओ लहरी सोडतात आणि टकरीच्या कडेला लांबलचक कमान उमटते. तिला ‘रेडिओ रेलिक’ म्हणतात. २०१० मध्ये राइनाउट फान वेरेन आणि सहकाऱ्यांनी सीआयझेडए जे२२४२ या समूहात अशी अतिशय सुबक कमान दाखवली. त्या निरीक्षणांत पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही वाटा होता. बुलेट क्लस्टरमध्ये समूहभर पसरलेले रेडिओ तेज २००० पासून माहीत होते. २०१४-१५ मध्ये टिमथी शिमवेल आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींच्या साहाय्याने पूर्वेकडच्या रेलिकचा तपशील काढला आणि क्ष-किरणांतही तिथे आघाताची खूण मिळाली. गोळी पश्चिमेला गेली आहे, पूर्वेचा तरंग उलट दिशेने निघालेला आहे. क्ष-किरणांच्या प्रतिमेत सगळे लक्ष गोळीने खेचून घेतले होते, त्यामुळे ही दुसरी बाजू पुढे यायला रेडिओची गरज पडली.

जेम्स वेबनंतर

२०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या अवरक्त प्रतिमांवरून या समूहाचा नवा वस्तुमान-नकाशा प्रसिद्ध झाला. मागच्या कितीतरी अधिक अंधुक दीर्घिका आता मोजता आल्या, तीव्र आणि क्षीण भिंग एकत्र बसवता आले. दीर्घिकांतून निसटून समूहात मोकळे भटकणाऱ्या ताऱ्यांचा अंधुक प्रकाश वस्तुमानाच्या नकाशाशी चांगला जुळतो, असे त्यातून दिसले. हे तारे कृष्णद्रव्यासारखेच कुणाशी न टकरता फिरतात, म्हणून जुळणे अपेक्षितच. पण त्यामुळे पुढे अनेक समूहांत भिंगाशिवायही वस्तुमानाचा माग काढता येण्याची शक्यता उभी राहते.

याच नकाशात मोठ्या समूहाचे वस्तुमान एका गोल शिखरात बसलेले नाही. ते लांबट आहे आणि त्यात अनेक गाठी आहेत. श्प्रिंगेल-फॅरारपासून आजवरची बहुतेक सिम्युलेशन दोनच वस्तूंची होती, एक मोठी आणि एक छोटी. मोठा समूह या टकरीपूर्वीच दुसऱ्या एखाद्या समूहाशी आदळलेला असेल, तर सुरुवातीचे वेग, वायूचे तापमान आणि कृष्णद्रव्यावरची मर्यादा या तिन्ही गोष्टी पुन्हा मोजाव्या लागतील. वायूच्या दृष्टिरेषेतल्या हालचाली क्ष-किरणांच्या वर्णपटावरून थेट मोजणारी क्रिझम वेधशाळा २०२३ मध्ये अवकाशात गेली आहे. पण इथली मुख्य गती तर आडवी आहे. जी रचना आपल्याला दोन कडा स्वच्छ दाखवते, तीच या मोजमापाच्या वाट्याला मुख्य टकरीच्या वेगाचा अगदी लहानसा अंश ठेवते. मोठ्या समूहाच्या जुन्या टकरीची दिशा वेगळी असेल, तर तिने ढवळलेला वायू मात्र तिथे ओळखू येऊ शकेल.